काढलेले कातडे कुठे ठेवले?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्याशेजारी मानवी शरीराचा तक्ता टांगला होता. अर्ध्या अंगावर कातडी, उरलेल्या अर्ध्यावर लालभडक स्नायू. चेहऱ्याचीही तीच वाटणी. बाई एकेका स्नायूवर छडी टेकवत होत्या आणि मुले नावे लिहून घेत होती. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, या माणसाचं काढलेलं कातडं कुठं ठेवलं?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, आणि तास पुढे सरकला. परत येताना एसटीत आम्हांला मात्र तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. सगळ्या वर्गात त्या मुलीनेच ते चित्र नीट पाहिले होते. इतरांना त्यात नावे लावायच्या जागा दिसल्या. तिला तेथे घडून गेलेली एक कृती दिसली. कोणीतरी, केव्हातरी, कुणाचे तरी कातडे काढले असल्याशिवाय हे चित्र निघालेच नसते. मग काढलेले गेले कुठे?

एकेक थर उलगडत आत नेणाऱ्या चित्रमालिका विज्ञानशिक्षणात जागोजागी भेटतात. पृथ्वीचे कवच, प्रावरण आणि गाभा, डोळ्याची पटले, खोडाचा छेद, मानवी शरीर. अशा मालिकेचे मूल्यमापन कसे करावे? चित्र सुबक आहे का, नावे बरोबर आहेत का, एवढे आपण तपासतो. त्या मुलीच्या प्रश्नाने आम्हांला आणखी एक कसोटी मिळाली. ती आम्ही या प्रकारातल्या सर्वांत नावाजलेल्या मालिकेला लावून पाहणार आहोत.

ही मालिका आंद्रेआस व्हेसेलियस याच्या ग्रंथात आहे. त्याचा जन्म १५१४ मध्ये ब्रसेल्सला झाला. १५३७ मध्ये, वयाची तेवीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, तो इटलीतील पाडुआ येथे शल्यक्रिया व शरीररचना शिकवू लागला. मानवी शरीराच्या रचनेवरचा त्याचा सात भागांचा ग्रंथ १५४३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ओपोरिनस या मुद्रकाने छापला. लॅटिन नावावरून अभ्यासक त्याला थोडक्यात 'फाब्रिका' म्हणतात. कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. फाब्रिकाची पाने सहाशेहून अधिक आणि चित्रे दोनशेहून अधिक आहेत. चित्रे पेअरच्या लाकडी ठशांवर कोरलेली होती. हे ठसे व्हेनिसहून आल्प्स पर्वत ओलांडून बाझलला नेण्यात आले. चित्रकार कोण, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तो टिशियन या थोर चित्रकाराच्या परिवारातला असावा, असे बहुतेक जण मानतात.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात स्नायूंची मालिका आहे. पूर्ण उंचीच्या मनुष्याकृतींची ही चौदा चित्रे आहेत. पहिली आठ समोरून आणि बाजूने, पुढची सहा पाठीमागून. पहिल्या चित्रात कातडी व चरबी काढलेला एक माणूस उघड्या माळावर उभा आहे. मागे टेकड्या, झाडे, घरे. पान उलटत जावे तसे त्याच्या अंगावरचे स्नायू एकेक थराने उतरत जातात. नवव्या चित्रापासून तोच क्रम पाठीकडून पुन्हा सुरू होतो.

आता आपली कसोटी लावू. उतरवलेले स्नायू गेले कुठे?

ते बरेचसे तेथेच आहेत. व्हेसेलियसने स्नायूचे एक टोक हाडापासून सोडवले आणि दुसरे तसेच ठेवले. त्यामुळे पुढच्या चित्रांत मनगटांशी, गुडघ्यांशी, खांद्यांशी स्नायूंच्या पट्ट्या चिंध्यांसारख्या लोंबताना दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे दृश्य किळसवाणे वाटते. पण त्या लोंबणाऱ्या पट्टीत केवढी माहिती आहे पाहा. स्नायू कोठे चिकटलेला होता, तो किती लांब होता, त्याच्याखाली काय दडले होते, हे तिन्ही एका नजरेत कळते. मागच्या चित्रातली पट्टी या चित्रात कोठे लोंबते आहे, हे शोधता शोधता वाचक स्वतःच मनातल्या मनात विच्छेदन करू लागतो. सातव्या चित्रात तर छाती व पोट यांच्यामधले श्वासपटल बाहेर काढून शेजारच्या भिंतीवर लावून दाखवले आहे. काढलेले कुठे ठेवले, याचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या चित्रात मिळणे कठीण!

दुसरी गोष्ट आकृतीच्या उभे राहण्याची. पहिल्या चित्रातला माणूस ताठ उभा आहे. थर उतरत जातात तसा त्याचा तोल ढळत जातो. सातव्या चित्रात देह दोराने टांगून धरावा लागला आहे. एवढे स्नायू गेल्यावर आधाराशिवाय उभे राहणे शक्यच नाही. स्नायूंचे काम काय, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात 'शरीराला आधार देणे व हालचाल करणे' असे उत्तर असते. व्हेसेलियसची मालिका तेच उत्तर एकही शब्द न लिहिता देते. एखाद्या भागाचे कार्य समजून घ्यायचे तर तो काढून पाहावा आणि काय बिघडते ते टिपावे, ही आम्हां संशोधकांची जुनी रीत आहे. ती रीत येथे चित्रांत उतरली आहे. म्हणूनच हिला आम्ही गोष्ट म्हणतो. चौदा सुटी चित्रे एकामागे एक लावली की गोष्ट होत नाही. मागच्या चित्रात जे घडले त्याचा परिणाम पुढच्या चित्राला भोगावा लागतो, तेव्हा ती होते.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. विसाव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आले की, यांतली काही चित्रे विशिष्ट क्रमाने शेजारी शेजारी मांडली, तर मागच्या टेकड्या, पूल व घरे एकमेकांना जुळतात आणि सलग देखावा तयार होतो. तो पाडुआजवळच्या युगेनियन टेकड्यांचा परिसर असल्याचे मानले जाते. छापील ग्रंथात चित्रे वेगवेगळ्या पानांवर असल्याने हा देखावा वाचकाला सहज दिसत नाही. येथे आमचे मत थोडे वेगळे पडते. या जुळणीचे पुष्कळ कौतुक होते, पण शरीररचना समजायला तिचा काही उपयोग नाही. टेकड्या पुसून टाकल्या तर एकही स्नायू कमी कळणार नाही. श्वासपटल लावलेली भिंत पुसली तर मात्र नुकसान होईल. सजावट आणि आशय यांतला फरक ओळखायला हा चांगला धडा आहे.

येथवर आम्ही कौतुकच केले. पण आमची कसोटी व्हेसेलियसलाही सोडत नाही.

पाहणाऱ्याला वाटते की, एकाच माणसाचे थर क्रमाने काढत नेले आणि चित्रकाराने ते समोर बसून टिपले. प्रत्यक्षात तसे होणे शक्य नव्हते. त्या काळी मृतदेह टिकवण्याची सोय नव्हती. म्हणून विच्छेदन थंडीच्या दिवसांत करीत. लवकर सडणारे पोटातले अवयव आधी पाहावे लागत, मग छाती, मग डोके, आणि हातपाय शेवटी. फाब्रिकाचा क्रम याच्या उलट आहे. आधी हाडे, मग स्नायू, मग रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पोटातील अवयव, हृदय आणि शेवटी मेंदू. हा क्रम समजावून सांगण्यासाठी योजलेला आहे, पाहण्याचा नव्हे. अनेक देहांवर, अनेक हिवाळ्यांत पाहिलेले एका आकृतीत गोळा केलेले आहे. असे करणे गैर नाही. शिकवायचे तर मांडणी करावीच लागते. पण चित्रांना ही गोष्ट बोलता येत नाही. ती शब्दांनीच सांगावी लागते.

शब्द निसटले तर काय होते, याचे उदाहरण याच मालिकेत आहे. पाचव्या चित्रात माणसात नसलेले काही भाग काढलेले आहेत. पोटाच्या मध्यावरून उभा जाणारा स्नायू माकडात असतो तसा छातीवर पार वरपर्यंत नेला आहे, आणि मानेजवळचा एक स्नायू कुत्र्यात असतो तसा दाखवला आहे. ही चूक नव्हे. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याचे ग्रंथ तेव्हा प्रमाण मानले जात. गेलेनने विच्छेदन केले होते ते माकडांचे, डुकरांचे व इतर प्राण्यांचे. त्याने वर्णन केलेले भाग मुळात कसे दिसतात हे कळावे, म्हणून व्हेसेलियसने ते मुद्दाम काढवून घेतले आणि चित्राच्या स्पष्टीकरणात तसे लिहूनही ठेवले. पण माणसाच्या देहावर माकडाचा स्नायू चढवायचा, आणि खुलासा मात्र बारीक टाइपात! स्पष्टीकरण न वाचता ज्याने ते चित्र पाहिले, त्याच्या मनात चुकीचाच माणूस उभा राहणार. फाब्रिकातील चित्रांच्या नकला पुढे कितीतरी पुस्तकांत झाल्या. चित्र दूरवर पोहोचते, स्पष्टीकरण मागे राहते. चित्र देणाऱ्याने हे गृहीतच धरायला हवे.

आणखी एक विसंगती. स्नायू गेल्यावर देह कोसळतो, हे दुसऱ्या भागात इतक्या ताकदीने सांगणाऱ्या याच ग्रंथाच्या पहिल्या भागात नुसता सांगाडा फावड्यावर रेलून खुशाल उभा आहे. दुसरा एक सांगाडा कवटीवर हात ठेवून विचारात गढला आहे. चित्रे म्हणून ती अप्रतिम आहेत. पण मालिकेने स्वतःच घातलेला नियम तीच मोडतात.

कातड्याचे काय? स्पेनचा शरीररचनाकार व्हाल्वेर्दे याने १५५६ मध्ये रोम येथे एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली बहुतेक चित्रे फाब्रिकावरून घेतलेली आहेत. पण नव्याने घातलेल्या एका चित्रात सोललेला माणूस एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात स्वतःचेच सबंध कातडे धरून उभा आहे. आपल्या शाळेतल्या मुलीचा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वीच कोणाला तरी पडला होता तर! मात्र हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. स्वतःच स्वतःला सोलणारा माणूस दाखवला की खरा सोलणारा आणि खरा सोलला गेलेला, दोघेही चित्रातून नाहीसे होतात. पाडुआत व्हेसेलियसला देह मिळत ते मुख्यतः देहदंड झालेल्या गुन्हेगारांचे. त्यांना कोणी विचारले नव्हते. सातव्या चित्रातला दोर पाहताना आम्हांला हेही आठवते.

याच विषयावरची अगदी वेगळ्या धर्तीची मालिका अठराव्या शतकात झाली. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक अल्बिनस आणि चित्रकार वांडेलार यांनी सांगाडा व स्नायू यांचा भव्य चित्रसंग्रह १७४७ मध्ये प्रसिद्ध केला. अल्बिनसने बाहेरून आत जाण्याऐवजी आतून बाहेर येण्याचा मार्ग धरला. दोऱ्यांनी ताणून उभा केलेला सांगाडा आधी चौकटींच्या जाळीतून मोजूनमापून चितारला, आणि त्याच ठेवणीवर स्नायूंचे थर चढवले. समोरून दिसणाऱ्या आकृतीत हात तेथेच, पाय तेथेच, मान तेवढीच वळलेली. बदलतो तो फक्त थर. दोन चित्रांत आकृतीमागे एक गेंडा उभा आहे. ही क्लारा नावाची मादी. भारतातून नेलेली ही गेंडीण १७४१ मध्ये हॉलंडला पोहोचली होती. म्हणजे सजावटीचा मोह येथेही सुटलेला नाही.

प्रयोग करणाऱ्याला अल्बिनसची रीत ताबडतोब पटते. बाकी सारे स्थिर ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. दोन चित्रे एकावर एक धरली तर फरक अचूक कळतो. व्हेसेलियसच्या मालिकेत हे जमत नाही, कारण थराबरोबर देहाची ठेवणही बदलते. पण अल्बिनसच्या चित्रांतून गोष्ट निघून गेली आहे. स्नायू नसले तरी त्याचा माणूस तितक्याच डौलात उभा. काढलेले काही लोंबत नाही, कारण मुळात काही काढलेलेच नाही. सगळे चढवलेले आहे. आपल्या शाळेतला तक्ता या घराण्याचा आहे. अचूकता हे त्या घराण्याचे भूषण. पण तुलना करता यावी म्हणून अल्बिनसने जे स्थिर ठेवले होते, तेही आपल्या तक्त्यात उरत नाही, कारण तक्ता एकच असतो.

मग दोहोंत श्रेष्ठ कोण? आम्हांला वाटते, कामे दोन आहेत. तुलना करायची असेल तर अल्बिनस, आणि हे ज्ञान कसे मिळाले ते सांगायचे असेल तर व्हेसेलियस. शाळेत पहिले काम पुष्कळ होते. दुसरे जवळजवळ होतच नाही.

थर काढून पाहण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, तिची कृती दिली आहे. मृतदेह मुंज, कुश अशा गवतांत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावा. नंतर वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे भाग डोळ्यांनी पाहावेत. सुरी नाही, कुंची! थर आपोआप सुटावेत अशी ही युक्ती. पण ते ज्ञान आपल्यापर्यंत आले ते शब्दांतून. पुढच्या पिढ्यांनी शब्द पाठ केले. घासून पाहणाऱ्याला दिसलेले चित्र मागे राहिले असते, तर शब्द आणि देह यांतला फरक कोणाला तरी खटकला असता, असे राहून राहून वाटते. फाब्रिकाचे बळ नेमके तेच होते. हातात चित्र असेल तर ते देहाशेजारी धरून पडताळून पाहता येते.

आज हेच काम संगणकावर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषदेहाच्या एक-एक मिलिमीटर अंतरावरच्या १८७१ छेदांची छायाचित्रे खुली केली. तो देह १९९३ मध्ये टेक्सास राज्यात देहदंड झालेल्या कैद्याचा होता. त्याने देहदानाला संमती दिली होती. व्हेसेलियसच्या कैद्यांच्या आणि याच्यामध्ये साडेचारशे वर्षे गेली, आणि एक सही आली. तुरुंगात मृत्यूची वाट पाहणाऱ्याची सही कितपत मोकळ्या मनाची, हा वाद मात्र शिल्लक आहे. या छेदांत कोणी काही सजवलेले नाही, माकडाचा स्नायू चढवलेला नाही. पण १८७१ छेद म्हणजे गोष्ट नव्हे. त्यांतून काय, कोणत्या क्रमाने दाखवायचे, हे पुन्हा कोणीतरी ठरवावेच लागते.

म्हणून वर्गात अशी मालिका हाती आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना नेमके काय काढले? काढलेले कुठे गेले, आणि ते गेल्याने काय बिघडले? यातले किती प्रत्यक्ष पाहिलेले आणि किती समजुतीसाठी जुळवलेले? पृथ्वीच्या थरांच्या चित्राला तिसरा प्रश्न विचारून पाहा. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथले, १२ किलोमीटरच्या थोडेसेच पुढे गेले. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६३७० किलोमीटर आहे. गाभा कोणी पाहिलेला नाही, तो भूकंपलहरींवरून कळला आहे. पुस्तकातल्या चित्रात मात्र कवच आणि गाभा दोन्ही सारख्याच ठाम रेषेने काढलेले असतात.

याहून चांगले म्हणजे मुलांकडून एक मालिका करून घ्यावी. बाजारातून एक केळफूल आणावे. ट्रेसिंग कागदाचे पाच-सहा तुकडे घ्यावेत. पहिल्यावर सबंध केळफुलाची बाह्यरेषा काढावी. मग एक जांभळे पान सोलावे, त्याच्या आत दडलेली फुलांची ओळ मोजावी. तोच कागद खाली धरून दुसऱ्यावर उरलेले केळफूल काढावे आणि सोललेले पान शेजारी, जेथून निघाले त्या बाजूला, मापात काढावे. ही झाली अल्बिनस व व्हेसेलियस यांची युती. आत जावे तशी फुले लहान व कोवळी होत जातात, म्हणजे थर हे वयही आहे, हे मुलांना आपले आपण दिसेल. शेवटी एक टप्पा असा येतो की बोटांनी पान सुटत नाही. तेथे मुलांनी आत काय असेल ते अंदाजाने काढू नये. काढायचेच असेल तर तुटक रेषेने काढावे आणि खाली लिहावे, "येथून पुढे आम्ही पाहिलेले नाही." आमच्या मते सगळ्या मालिकेत सर्वांत मोलाची ओळ हीच.

त्या शाळेतली मुलगी आता कुठे असेल, आम्हांला ठाऊक नाही. त्या दिवशी आम्ही मागच्या बाकावर होतो, उत्तर देण्याइतके आमचे ज्ञानही होते, पण वर्गाबरोबर आम्हीही हसलो होतो. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. तुमच्या वर्गात असा प्रश्न आला, तर छडी थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि तक्त्यासमोर मुलांबरोबर उभे राहून तो प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने विचारावा.